भरणीखालची खाडी

मुंबईतल्या काही जागांची नावे आठवून पाहा. उमरखाडी, पायधुणी, चिंचबंदर, मस्जिद बंदर, बोरीबंदर, ब्रीच कँडी, खार. यांतल्या उमरखाडीत आज खाडी नाही. पायधुणीला पाय धुण्याजोगे पाणी नाही. चिंचबंदराला गलबत लागत नाही. ब्रीच कँडीतला 'ब्रीच' म्हणजे समुद्राने पाडलेले खिंडार, ते बुजून सव्वादोनशे वर्षे केव्हाच उलटली. पाणी गेले, नावे राहिली. उमरखाडीच्या नावाबद्दल तर वाद आहे. कोणी म्हणतात हा उमर नावाचा माणूस, कोणी म्हणतात उंबराचे झाड. उमर की उंबर हे ठरो न ठरो, पुढच्या 'खाडी' या शब्दाबद्दल मात्र कोणाचे दुमत नाही.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही कला शाखेचे. तेव्हा भूकंपशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण किनाऱ्यावरच्या एखाद्या शहराचा भूकंपाच्या धोक्याचा नकाशा काढायचा तर अभियंत्यांना आधी शहराचा इतिहास चाळावा लागतो, हे वाचनात आले तेव्हा मला बरे वाटले. इथे खाडी होती का? इथे नदीचे जुने पात्र होते का? ही जमीन मुळातली की भरणीची? या प्रश्नांची उत्तरे यंत्रांपेक्षा आधी जुने नकाशे, जुनी दप्तरे आणि जागांची नावे देतात. आज त्याविषयीच सांगायचे आहे.

भूकंपात माणसे मरतात ती घर अंगावर पडल्याने, हे आपण किल्लारीत पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तिथे घरांची बांधणी कच्ची होती. पण भूकंपाच्या नुकसानीची आणखी एक तऱ्हा आहे. तीत घर चांगले बांधलेले असते, आणि दगा देते ती जमीन.

आमच्या कोकणात तांदूळ पायलीने मोजत. माप भरताना जाणती बाई पायली दोनतीनदा हलवायची. तांदूळ खाली बसायचा आणि वर आणखी दोन मुठी मावायच्या. सैल वाळूचेही असेच असते. हादरा बसला की तिचे कण एकमेकांजवळ सरकू पाहतात. वाळू कोरडी असेल तर ती नुसती खचते. पण कणांमधल्या फटी पाण्याने गच्च भरलेल्या असल्या तर? पाणी दाबून लहान होत नाही आणि काही सेकंदांत एवढे पाणी निघून जायला वाट नसते. मग वरचा भार कणांऐवजी पाण्यावर येतो. पाण्याचा दाब वाढतो. कणाने कणाला दिलेला टेकू सुटतो. तेवढ्या वेळापुरती ती जमीन जमीन राहत नाही, दाट पेजेसारखी होते. जड इमारत तीत एका अंगाने रुतते. जमिनीत पुरलेली रिकामी टाकी उलट वर येते. जिथे फट सापडेल तिथून वाळू आणि पाणी कारंज्यासारखे उसळते. हादरा थांबला, दाब ओसरला की जमीन पुन्हा घट्ट होते, पण तोवर व्हायचे ते होऊन जाते. याला इंग्रजीत लिक्विफॅक्शन म्हणतात. आपण जमिनीचे द्रवीकरण म्हणू.

ही गोष्ट जुनीच. तिच्याकडे जगातल्या अभियंत्यांचे नीट लक्ष गेले ते १९६४ साली. त्या वर्षी मार्चमध्ये अलास्कात प्रचंड भूकंप झाला आणि १६ जूनला जपानच्या निगाता शहरात. निगाता हे शिनानो नदीच्या मुखावरचे बंदर. तिथल्या एका वस्तीतल्या चार मजली काँक्रीटच्या इमारती भूकंपात मोडल्या नाहीत. त्या कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. भिंतींना मोठे तडे नाहीत, खिडक्या जागच्या जागी, आणि माणसे खिडकीतून बाहेर पडून भिंतीवरून चालत खाली आली. महिन्याभरापूर्वीच वाहतुकीला खुल्या झालेल्या पुलाचे गाळे नदीत पडले. ती वस्ती नदीचे जुने पात्र बुजवून केलेल्या जमिनीवर होती. वस्तीचे नाव कावागिशी-चो. जपानी भाषेत त्याचा अर्थ नदीकाठची वस्ती. नाव सांगत होते. इमारत बांधणाऱ्यांनी त्या नावाकडे पत्ता म्हणून पाहिले.

१६ जून या तारखेची आपल्याकडेही एक नोंद आहे, निगाताच्या १४५ वर्षे आधीची. १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणाच्या कडेला जमीन उंचावून ऐंशी किलोमीटरहून लांब असा बांध तयार झाला, आणि सिंदरीच्या किल्ल्याभोवतीची जमीन खचून किल्ला पाण्यात गेला. नदीवर माणसांनी घातलेले बांध लोकांच्या परिचयाचे होते. हा माणसाने घातलेला नव्हता, म्हणून लोकांनी त्याला नाव दिले 'अल्लाह बंद'. ते नाव अजून नकाशावर आहे. याच कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ ला पुन्हा भूमी हादरली. त्या वेळी रणात मैलोगणती जमिनीतून खारे पाणी आणि वाळू वर आली. उपग्रहाच्या छायाचित्रांत पाण्याच्या ओल्या रेघा दिसल्या, त्या जुन्या, आटलेल्या प्रवाहांच्या वाटांवर होत्या. समुद्राकाठी कांडला बंदरात खोल पाइलांवर उभी असलेली मनोऱ्यासारखी कचेरी एका बाजूला झुकली. नदी आटली, खाडी बुजली, तरी जमिनीच्या पोटात तिची वाट शाबूत असते, एवढे यातून कळले.

आता नकाशा काढतात कसा, ते थोडक्यात पाहू. जमिनीत भोक पाडतात, त्याला आपण बोअर म्हणतो. त्यात एक नळी उभी करून तिच्यावर ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटर उंचीवरून पाडतात. नळी ३० सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागले ते मोजतात. पाचसात ठोक्यांत नळी गेली तर जमीन सैल, तीसचाळीस लागले तर घट्ट. इतकी साधी ही परीक्षा आहे. सोबत पाणी किती खोलीवर लागते आणि माती वाळूची की चिकण, तेही पाहतात. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीड आणि इद्रिस या दोन अभियंत्यांनी असे गणित मांडले, की अमुक ठोक्यांची जमीन अमुक हादऱ्यात टिकेल की विरघळेल, ते सांगता यावे. पुढे जपानच्या इवासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या वीस मीटर जमिनीचा हिशेब एका आकड्यात आणला. आकडा शून्य असेल तर धोका जवळपास नाही, पाचपर्यंत कमी, पाच ते पंधरा जास्त आणि पंधराच्या वर फार जास्त. हे आकडे शहराच्या नकाशावर मांडून रंग भरले की झाला द्रवीकरणाच्या धोक्याचा नकाशा.

पण यात एक मेख आहे. बोअर म्हणजे टाचणीने टोचून पाहणे. एका टाचणीपासून दुसरीपर्यंतच्या जागेत काय आहे, ते बोअर सांगत नाही. ती रिकामी जागा इतिहासाने भरावी लागते. दोन बोअरच्या मधून पूर्वी ओढा वाहत होता का, हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशात दिसते. म्हणून मुंबईचा इतिहास या कामात फार मोलाचा आहे. आपले शहर कसे घडले, ते या नजरेने पुन्हा एकदा पाहू.

सात बेटांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचली आहे. बेटे म्हणजे बेसॉल्ट खडकाचे उंचवटे. मधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरायचे. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास, वरळी आणि महालक्ष्मीच्या मधले खिंडार बांध घालून बंद झाले. तो हॉर्नबी व्हेलार्ड. आत येणारा समुद्र थांबला आणि आजच्या महालक्ष्मी, ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा या बाजूची दलदल हळूहळू कोरडी पडली. डोंगरीला लागून असलेली उमरखाडी बुजली. पुढे १८०३ मध्ये शीवचा रस्ता, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा रस्ता झाला आणि बेटांची साखळी पुरी झाली. टेकड्या फोडायच्या आणि खड्डे भरायचे हा शहराचा उद्योग झाला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि १८६० च्या दशकात मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाने समुद्र बुजवण्याच्या कंपन्या काढल्या. जी जमीन अजून समुद्रात होती तिचे शेअर लोक चढ्या भावाने घेत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक घराणी धुळीला मिळाली. पुढे गोद्या झाल्या, अलेक्झांड्रा गोदीसाठी खणलेल्या मालावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १९२० च्या दशकात बॅकबे बुजवण्याची सरकारी योजना आली. समुद्रतळाचा गाळ उपसून आत टाकायचा आणि तो भिंतीतून पुन्हा बाहेर निसटायचा, असा तो कारभार. त्यातला घोटाळा खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून ते सुटले. आज भरणीच्याच जमिनीच्या टोकाला त्यांचे नाव आहे, नरिमन पॉइंट. १९७० नंतर मिठी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहू लागले. आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्यासाठीही शंभर हेक्टरहून अधिक समुद्र भरला गेला. म्हणजे हॉर्नबीने सुरू केलेले काम अडीचशे वर्षे होत आली तरी चालू आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की भरणी भरणीत फरक असतो. दगड आणि मुरूम टाकून केलेली भरणी वेगळी, समुद्रतळाची वाळू आणि गाळ उपसून केलेली वेगळी, शहराचा कचरा टाकून केलेली आणखी वेगळी. मोठ्या दगडांची भरणी सहसा द्रव होत नाही, सैल वाळूची होते. चिकणमातीचा खोल थर तसा द्रव होत नाही, पण हादऱ्याचा हेलकावा वाढवतो. मेक्सिको शहरात १९८५ मध्ये ते घडले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर होते, आणि शहर जिथे जुन्या तळ्याच्या मातीवर होते तिथेच सर्वांत जास्त हानी झाली. म्हणून 'मुंबई भरणीची आहे, ती बुडणार' असे म्हणणे जसे अज्ञानाचे, तसेच 'मुंबई खडकावर आहे, तिला काही होत नाही' असे म्हणणेही अज्ञानाचे. एकाच वॉर्डात एका गल्लीखाली खडक आणि दुसऱ्या गल्लीखाली खाडी असते. डोंगरी आणि उमरखाडी शेजारी शेजारी आहेत. एक नाव डोंगराचे, दुसरे खाडीचे. नकाशा हवा तो यासाठी.

मुंबईला भूकंपाचा धोका कितपत? जपानएवढा नक्कीच नाही. भारतीय मानकांच्या २००२ च्या नकाशात मुंबई तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने मुंबईकरांना अंथरुणातून उठवले, हे वडीलधाऱ्यांनी सांगितलेले अनेकांना आठवत असेल. २००१ चा कच्छचा भूकंपही मुंबईत जाणवला. त्या भूकंपात केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. म्हणजे भूकंप आपल्या अंगणात व्हायलाच हवा असे नाही. पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी शहरभरच्या बोअरच्या नोंदी घेऊन मुंबईसाठी द्रवीकरणाच्या आकड्याचे नकाशे काढले आणि ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या शहरात भरणीची जमीन आहे आणि थोडे खणले की पाणी लागते, तिथे हा प्रश्न गंभीर आहे, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. काम झाले आहे. ते शास्त्रीय नियतकालिकात आहे. ज्यांच्या पायाखालची ती जमीन आहे, त्यांच्यापर्यंत मात्र ते पोचलेले नाही.

जुनी वाट कशी जागी होते, याचा अनुभव मुंबईने एकदा घेतला आहे, भूकंपाशिवाय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीपर्यंत मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, हेच कित्येकांना माहीत नव्हते. लोक तिला नाला म्हणत. तिने आपल्या जुन्या पात्राच्या जागा एका दिवसात दाखवून दिल्या. पावसाचे पाणी वरून आले आणि दिसले. द्रवीकरणाचे पाणी खालून येते, आणि त्यासाठी पाऊस पडावा लागत नाही.

नकाशा असून उपयोग कधी होतो, याचे उदाहरण मुंबईसारख्याच एका बंदराच्या शहरात, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत सापडते. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे तिथे भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. ओढे आणि दलदल बुजवून केलेल्या जमिनीवर नुकसान सर्वांत जास्त झाले. व्हॅलेन्सिया रस्त्यावरचे एक चार मजली हॉटेल इतके खचले, की वरचा मजला रस्त्याला टेकला. १९०८ च्या चौकशी अहवालात हे सगळे नकाशावर दाखवले गेले. कुठली जमीन वाईट हे शहराला कळले होते. पण व्यापारी आणि जमिनी विकणारी मंडळी 'भूकंप' शब्द टाळून 'मोठी आग' म्हणू लागली. आग विझते आणि पुन्हा घर बांधता येते, भूकंपाचे नाव घेतले की जमीन विकत नाही. थोड्याच वर्षांत, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खाडीकाठचा आणखी एक पाणथळ भाग बुजवला गेला. प्रदर्शन संपल्यावर तिथे घरे झाली. तो मरीना भाग.

१७ ऑक्टोबर १९८९ ला जवळजवळ शंभर किलोमीटर अंतरावर भूकंप झाला, आणि मरीना भागातली जमीन द्रव झाली. घरे कोसळली. जमिनीखालचे गॅसचे आणि पाण्याचे नळ तुटले. आग लागली तेव्हा नळांना पाणी नव्हते, म्हणून अग्निशमनाच्या बोटीने समुद्राचे पाणी खेचून ती विझवावी लागली. वाळूची कारंजी उसळली त्यांत जळक्या लाकडाचे तुकडे वर आले. १९०६ च्या उद्ध्वस्त शहराचा काही राडारोडा त्या भरणीत गेला होता. ज्या भूकंपाचे नाव लोक टाळत होते, त्याच्या खुणा त्र्याऐंशी वर्षांनी अंगणात आल्या.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. राज्याने द्रवीकरणाच्या धोक्याच्या भागांचे नकाशे काढावेत. त्या भागात बांधकाम करण्याआधी जमिनीची तपासणी व्हावी. आणि घर विकणाऱ्याने घेणाऱ्याला, आपले घर अशा भागात आहे, हे सांगितलेच पाहिजे. मला या कायद्यातले हे तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते. नकाशा अभियंत्यांच्या कपाटातून निघून घर घेणाऱ्याच्या हातात आला.

कोणी म्हणेल, हे कळून सामान्य माणसाने करायचे काय? सगळ्यांना खडकावर घर कुठून मिळणार? तर उपाय आहेत. पाइल खडकापर्यंत नेता येतात. सैल वाळू यंत्राने ठोकून घट्ट करता येते. खडीचे उभे खांब जमिनीत घालून पाण्याला निघायला वाट देता येते. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपात टोकियोजवळच्या उरायासू शहरात याची परीक्षा झाली. हे शहर बहुतांशी समुद्र बुजवून केलेले. तिथल्या वस्त्यांत रस्ते चिखलाने भरले, घरे कलली, गटारांची तोंडे वर आली. पण तिथेच असलेल्या डिस्नेलँडच्या उद्यानाची जमीन आधी घट्ट करून घेतलेली होती. तिला फारसे काही झाले नाही. त्याच उद्यानाचा गाड्या लावण्याचा भाग तसा केलेला नव्हता, तिथे मात्र वाळूपाणी वर आले. भरणी तीच, समुद्र तोच, फरक पडला तो आधी जमिनीवर केलेल्या कामाने.

आता आपल्या गल्लीत येऊ. दक्षिण मुंबईतल्या जुन्या पागडीच्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. तीनचार मजल्यांच्या जागी तीसचाळीस मजले येतात. आमच्या नात्यातल्या अशाच एका इमारतीच्या बैठकीला मी गेलो होतो. विकासकाचा माणूस चित्रे दाखवत होता. बोलणे सगळे कार्पेट एरियाचे, भाड्याचे, पार्किंगचे. एका म्हाताऱ्या खालांनी विचारले, "बेटा, आमच्या सासऱ्यांच्या वेळेला इथे खणलं की खारं पाणी लागायचं. त्याचं काय करणार?" तो हसून म्हणाला, "खाला, खाली काय आहे ते आमच्यावर सोडा. वर किती मिळतंय ते बघा." लोक हसले आणि विषय पुढे गेला. त्याच्याकडे जमीन तपासणीचा अहवाल असणारच, उंच इमारतीला तो लागतोच. पाइल खडकापर्यंत जाणारही असतील. पण खालांचा प्रश्न अडाणी नव्हता. अभियंता बोअर घेऊन जे विचारतो तेच त्या आठवणीतून विचारत होत्या. सबंध बैठकीत जमिनीबद्दलचा तो एकच प्रश्न होता, आणि त्याला उत्तर मिळाले नाही.

क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की ती एका तळ्यावर उभी आहे. १७७५ मध्ये काम सुरू झाले आणि १८०२ मध्ये संपले. सांगतात ते असे, की ही जागा एका हिंदू व्यापाऱ्याची होती. त्याने ती कोकणी मुसलमान व्यापाऱ्याला विकताना अट घातली, की तळे बुजवू नये. घेणाऱ्याने अट पाळली. काळ्या दगडाच्या कमानी पाण्यात उभ्या केल्या आणि त्यांवर मशीद बांधली. ते पाणी आजही तळघरात आहे, वुजूसाठी लोक त्याच्या काठी बसतात. भूकंपाचा विचार करून हे झाले, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की विकणाऱ्याने खाली पाणी आहे हे सांगितले, घेणाऱ्याने ते मानले आणि बांधणाऱ्याने ते धरून बांधले. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये जे कायद्याने करायला लावले, ते आपल्याकडे दोन माणसांच्या शब्दावर झालेले आहे.

मग आज आपण काय मागावे? पहिली गोष्ट, नोंदी एकत्र याव्यात. मेट्रोसाठी, पुलांसाठी, प्रत्येक उंच इमारतीसाठी मुंबईत बोअर घेतले गेले आहेत. त्या नोंदी वेगवेगळ्या कचेऱ्यांत आणि खासगी फायलींत विखुरलेल्या आहेत. त्या एका ठिकाणी आल्या, तर नकाशातल्या टाचण्या कितीतरी दाट होतील. दुसरी गोष्ट, जुने नकाशे त्यांच्या शेजारी मांडावेत. १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटनने मुंबईची तपशीलवार मोजणी केली. दक्षिण मुंबईतल्या मालमत्तांच्या जुन्या कागदांवर लॉटन सर्व्हेचा नंबर अजून सापडतो. गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ चे 'मुंबईचे वर्णन' आहे, आचार्य आणि शिंगणे यांचा १८८९ चा 'मुंबईचा वृत्तांत' आहे, पुढे आलेले इंग्रजी गॅझेटियर आहे. हे ग्रंथ आपण शहराचा अभिमान म्हणून कपाटात ठेवतो. ते अभियंत्याच्या टेबलावर असायला हवेत.

तिसरी गोष्ट आपल्याच हातात आहे. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ही जागा पूर्वी काय होती? खडक किती खोल आहे? आमच्या इमारतीचे पाइल खडकात टेकले आहेत की मधेच थांबले आहेत? हे विचारायला अभियंता असावे लागत नाही. उत्तर लेखी मागा आणि ते सोसायटीच्या दप्तरात ठेवा. घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांनाही विचारा, इथे कुठे पाणी साचायचे, कुठे विहीर होती, कुठे होडी लागायची. ते सांगतील ते लिहून घ्या आणि अभियंत्याला द्या.

आणि जागांची नावे बदलताना जरा थांबा. रस्त्याला कोणाचे नाव द्यायचे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण खाडी, बंदर, तळे, बांध हे शब्द पुसण्याआधी ते कुठेतरी नोंदून ठेवा. पुढे कोणीतरी या शहराचा धोक्याचा नकाशा काढायला बसेल, तेव्हा त्याला ते लागतील.